हे फक्त टिपून ठेवतो

सांगलीच्या गावभागात, आमच्या समोरच्या घरात, सोप्यात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला एक लाकडी कपाट आहे. कपाट कसलं, नुसते खण. टपाल खात्यात गावावार पत्रं लावायला असतात तसे. खात्याचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा त्या घरातल्या काकांनी ते उचललं आणि हातगाडीवर घालून घरी आणलं. खणांवर सांगली जिल्ह्यातल्या दहाही तालुक्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. जत, आटपाडी, शिराळा, कवठेमहांकाळ वगैरे. आता त्यात पत्रं नसतात, कादंबऱ्या असतात. म्हणजे न लिहिलेल्या. जी गोष्ट ज्या तालुक्यात घडते तिचं कार्ड त्या खणात. एकदा काकांना थेट लंडनमध्ये घडणारी गोष्ट सुचली. ती जतच्या खणात आहे. "तिथं जागा होती," म्हणाले.

अकराव्या खणावर 'आरएलओ' असं लिहिलंय. ज्या पत्राला घेणारा सापडत नाही आणि पाठवणाराही सापडत नाही, ते शेवटी खात्याच्या ज्या ऑफिसात जाऊन पडतं, त्याचं हे नाव. जुने लोक त्याला डेड लेटर ऑफिस म्हणत. सुचलेली गोष्ट वर्षभरात थंड पडली की काका ती तिकडे सरकवतात. सध्या सगळ्यात गच्च भरलेला खण तोच.

काका सबपोस्टमास्तर म्हणून २०१३ साली निवृत्त झाले. त्याच वर्षीच्या जुलैत देशातली तार बंद झाली. आपण निघालो म्हणून सरकारनं तार गुंडाळली, अशा सुरात ते अजून हे सांगतात. त्यांचं नाव मी सांगत नाही, आणि गल्लीत त्या नावानं त्यांना कुणी हाकही मारत नाही. सगळे म्हणतात कादंबरीकाका. कारण २००९ पासून ते एक कादंबरी लिहितायत. नाव 'बटवडा'. बहात्तरच्या दुष्काळातला आटपाडीकडचा एक टपालवाला. गावातले बाप्ये गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, मुलूख सोडून लांब गेलेले. बायका खडी फोडायच्या कामावर. घरात अक्षरओळख कुणालाच नाही. मग मनीऑर्डर ह्यानंच द्यायची, कागद ह्यानंच वाचून दाखवायचा, उलट टपालानं काय कळवायचं तेही ह्यानंच लिहायचं. मी पहिली दोनशे पानं वाचलीत. शेजारधर्म बाजूला ठेवून सांगतो, चांगली आहेत. वाईट असती तर मी कशाला जीव जाळला असता?

पान ३१२ वर तो टपालवाला एका बाईच्या दारात मनीऑर्डर घेऊन उभा राहिलाय. कडी वाजवलीय. ते २०१९ साल होतं. दार अजून उघडलेलं नाही.

आपल्याकडे काही घरांच्या गच्चीवर लोखंडी सळया आकाशात तशाच सोडलेल्या असतात. वरचा मजला पुढं कधीतरी चढवायचा म्हणून. खालच्या मजल्याला बाहेरून गिलावा नाही, जिन्याला कठडा नाही, पण सळया वर तयार. काका म्हणजे तसं घर. फरक इतकाच की त्यांच्या सळया सतरा मजल्यांच्या आहेत आणि रोज एकीचा वाढदिवस असतो.

त्यांना आळशी म्हणायची सोय नाही. पहाटे चारला उठतात. काकूंना त्रास नको म्हणून चहा स्वतः करतात आणि पातेलं जाळतात. साडेचारला पाट मांडून, मांडीवर क्लिपबोर्ड घेऊन, शाईच्या पेनानं फुलस्केप तावांवर लिहायला बसतात. मी सहाला फिरायला निघतो तेव्हा खिडकीतून दिवा दिसतो.

"काय करालाय, काका?"

"लिहालोय की."

"बटवडाच ना?"

इथं एक क्षण जातो. पेनचं टोपण लागतं.

"बटवडाच. पण मधेच एक सुचलंय. ते फक्त टिपून ठेवतो."

हे 'फक्त टिपून ठेवतो' म्हणजे 'फक्त एकच घेतो' म्हणून गुत्त्यात शिरणाऱ्याच्या जातीचं वाक्य आहे. त्यांची दुसरी वाक्यंही आता मला पाठ झालीत. 'हे दोन बैठकांचं काम आहे.' 'ही कादंबरी नव्हे रे, दीर्घकथा.' 'एवढं हातावेगळं केलं की डोकं बटवड्याला मोकळं.' आणि सर्वांत घातक म्हणजे, 'सुचलंय, पण तुला सांगत नाही.' हे ऐकल्यावर मी फिरायचा बेत सोडतो आणि चपला काढून आत जातो. पाऊण तासाला मरण नसतं.

आता टिपून ठेवायची पद्धत. प्रत्येक कल्पना एका पोस्टकार्डावर. पन्नास पैशांचं साधं कार्ड. एका बाजूला कथानक मुंगीच्या अक्षरांत, दुसऱ्या बाजूला पत्ता. स्वतःचाच. मग ते कार्ड चालत जाऊन पेटीत टाकायचं. दोन दिवसांनी ते घरी येतं, वर तारखेचा शिक्का घेऊन. ही गोष्ट अमुक तारखेला मला सुचली होती, याला टपाल खातं साक्षीला. "उद्या कुणी चोरली तर?" काका विचारतात. त्यांच्या गोष्टी चोरायला जिल्ह्यात नेमका कोण टपून बसलाय हे मी विचारत नाही.

पण पोस्टकार्ड हे काही पाकीट नव्हे. आमच्या बीटचा पोस्टमन तरुण पोरगा आहे, पलूसकडचा. तो ती कार्डं वाचतो. म्हणजे आधी सहज वाचायचा, आता थांबून वाचतो. परवा मोटारसायकल स्टँडला लावून त्यानं काकांना दारातच गाठलं.

"काका, ती हळदवाली पंधरा दिस झालं पेवातच हाय की ओ. वर काढा तिला."

हळदवालीचं असं. सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड लहान, पोट मोठं. सांगलीचा हळदीचा बाजार ज्यांच्या जिवावर मोठा झाला त्यात ही पेवं आली. २००५ च्या पुरानं त्यातली बरीचशी बाद केली. पेवात उतरण्याआधी कंदील खाली सोडून बघायचा. विझला तर आत हवा वाईट, माणूस उतरवायचा नाही. काकांच्या गोष्टीत एका अडत्याची सून नवऱ्याशी भांडून पेवात उतरते आणि कंदील विझतो. हे त्यांना ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी ते घामाघूम होऊन आमच्याकडे आले होते. देवलांनी 'शारदा' नाटक हरिपुरातल्या ज्या पारावर बसून लिहिलं असं सांगतात, त्या पारावर जाऊन काका दोन तास बसूनही आले. सुनेचं पुढं काय होतं ते मात्र कार्डावर मावलं नाही. आता पोस्टमन पोरगा आणि काकू दोघंही तिच्या काळजीत आहेत.

काकू कार्ड दारातच घेतात आणि उभ्या उभ्या वाचतात. "आज कोण?" असं विचारतात, भाजीवालीला विचारावं तसं. मग आत हाक: "अहो, ही शेवटी मरते का?"

"अजून ठरलं नाही."

"मग कार्ड कशाला घालवलंत?"

काकूंइतका नेमका समीक्षक मी पाहिलेला नाही.

नव्या गोष्टीची ओढ काकांना असते तशी मी कुणातच पाहिली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. सगळं गाव ते टीव्हीवर बघत होतं, काका मिरज जंक्शनच्या कुंपणाशी उभे होते. परत आले ते गाडीचा ड्रायव्हर होऊनच. त्या ड्रायव्हरची बायको लातूरची, तिचं माहेर तहानलेलं, आणि त्याचं स्वतःचं गाव जतला, तेही तहानलेलं, आणि पाणी घेऊन हा त्याच्या गावाकडे पाठ करून निघालाय. सांगा, वाईट आहे का कल्पना? अजिबात नाही. त्या रात्री त्यांनी अकरा पानं लिहिली. 'बटवडा'त त्या वेळी टपालवाल्याला साप चावलेला होता. तो तसाच आठ महिने विव्हळत पडला.

गेल्या वर्षी, २०२५ च्या १ सप्टेंबरला, रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. काकांना भरून आलं. मला वाटलं, आता खात्यावरच आलंय प्रकरण, यातून 'बटवडा'ला चालना मिळेल. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं: 'पोचपावती. कादंबरी. तीन खंड.'

तेराव्याच्या जेवणालाही ह्यांना घेऊन जायची चोरी आहे. लोक गप्प जेवत असतात आणि काका मयताच्या धाकट्या भावाला हलक्या आवाजात विचारतात, "वाटण्या झाल्या होत्या का हो?" तो बिचारा सांत्वन समजून सगळं सांगतो. काकांचे डोळे पाणावतात, ते खरेच पाणावतात, आणि त्याच वेळी उजवा हात खिशातलं कार्ड चाचपत असतो.

मी सुधारणेचे प्रयत्न केले. पहिला प्रयत्न ट्रोलॉपचा. अँथनी ट्रोलॉप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातलाच माणूस. इंग्रजांच्या देशातल्या रस्त्यावरच्या टपालपेट्यांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द पाडायचा. नोकरी सांभाळून हे चालायचं, आणि एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. हे मी काकांना सांगितलं. खात्याचा माणूस म्हटल्यावर ते हरखले. सोप्यात घड्याळ लावलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी आपलं पुढं सांगून टाकलं की त्याला पहाटे उठवून द्यायला एक गडी होता, त्याला तो त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा देत असे.

"मला किती?" काकूंनी विचारलं.

घड्याळ आठवडाभर टिकलं. आठव्या दिवशी काकांना ट्रोलॉपच्या त्या गड्यावर कादंबरी सुचली. जतच्या खणातली लंडनची गोष्ट ती हीच.

मग त्यांनी उलट मलाच दोस्तोयेव्हस्की ऐकवला. "१८६६ साल. 'क्राइम अँड पनिशमेंट' मासिकातून चालू आहे, अर्धी व्हायचीय. प्रकाशकाला दुसरी कादंबरी द्यायची मुदत गळ्याशी आलेली. बाबानं काय केलं? स्टेनो बोलावली आणि सव्वीस दिवसांत 'जुगारी' सांगून टाकली! चालू कादंबरी बाजूला ठेवून दुसरी केली की नाही?"

"पण काका, त्यानं दोन्ही पुऱ्या केल्या."

"तेवढं सोड."

"आणि पुढच्या वर्षी त्या स्टेनोशी लग्न केलं," मी म्हणालो. आतून काकूंचं भांडं जरा जोरात आपटलं. तो विषय तिथं संपला.

मराठीत त्यांचा मोठा आधार नेमाडे. 'झूल' आली १९७९ ला आणि 'हिंदू' आली २०१० ला. "एकतीस वर्षं!" काका बोटांवर मोजून दाखवतात. "मला अजून बरीच शिल्लक आहेत." 'कोसला'च्या वेळी नेमाडे पंचविशीत होते, याची त्यांना आठवण करून दिली की ऐकू येत नाही. आणि दिवाळी अंकांवर त्यांचा विशेष राग. १९०९ ला का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कादंबरीकाराच्या मागं कथेचं शुक्लकाष्ठ लागलं, हे त्यांचं साहित्येतिहासातलं मूलगामी संशोधन. संपादकाचा फोन आला की पहिल्यांदा "नाही हो, कादंबरीत आहे" म्हणतात. म्हणताना आवाजात जी प्रतिष्ठा येते ती बघण्यासारखी असते. मग फोन ठेवायच्या आत विचारतात, "किती शब्दांची पाहिजे?"

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागात पाणी शिरणार हे आम्हाला नवं नाही, पण इतकं कुणी धरलं नव्हतं. घाईघाईनं सामान माळ्यावर टाकलं आणि तिसऱ्या प्रहरी आम्ही चार घरं मिळून एका बोटीत बसलो. काकांच्या मांडीवर खताची प्लॅस्टिकची पिशवी, सुतळीनं करकचून बांधलेली.

"काय आणलंत?"

"खण रिकामे केले," काका म्हणाले. दहा तालुके आणि आरएलओ, सगळी कार्डं सुखरूप.

"आणि बटवडा?"

काकांचा चेहरा गढूळ पाण्यासारखा झाला. तीनशे बारा पानं सोप्यातल्या स्टुलावर राहिली होती. बोट परत फिरवा म्हणून ते उठून उभे राहिले, बोट हलली, बायका ओरडल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "बसा खाली." त्यांच्या मांडीवर स्टीलचा तांदळाचा डबा होता. झाकण उघडून दाखवलं. वर पासबुकं, मंगळसूत्राची डबी, रेशनकार्ड. खाली तांदूळ उपसून 'बटवडा' बसवलेला. वरून फडकं.

काका काही बोलले नाहीत. पाच-सात मिनिटं गेली. बोट एका बुडालेल्या रिक्षाच्या टपावरून सरकली. मग ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "ह्या बोटवाल्याचं काहीतरी करता येईल, बघ."

विश्रामबागेत नातलगांकडे दहा दिवस काढले, त्यात त्यांनी सात कार्डं लिहिली. पेट्या बंद होत्या म्हणून ती शिक्क्याविना राहिली, आणि ती रुखरुख अजून आहे.

पूर ओसरल्यावर आम्ही घरं धुवायला परतलो. भिंतींना चिखलाची रेघ, सगळीकडे तो कुजका वास. एका रात्री लाइट नव्हती. मी आणि काका बाहेर पायरीवर बसलो होतो. मी थकलेलो होतो, म्हणून जरा कडवटच विचारलं, की ते दार का उघडत नाही तुम्ही? बाई बाहेर येणार, अंगठा उठवणार, पैसे घेणार. दोन पानांचं काम.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की ते स्वतः एकोणिसाव्या वर्षी ईडी, म्हणजे खात्याच्या कायम नोकरीबाहेरचा, टपालवाला म्हणून लागले, त्याच दुष्काळात. एका दिवशी पिशवीत एकाच घरचं दोन होतं. एक मनीऑर्डर, चाळीस रुपयांची, गलाईला गेलेल्या नवऱ्याची. आणि एक तार, तो होता त्याच गावाहून, त्याच्याबद्दलची. मनीऑर्डर वाटेत आठ दिवस होती, तार एका दिवसात आली.

"खात्याच्या नियमानं तार आधी द्यायची," काका म्हणाले. "मी पैसे आधी दिले. साक्षीदार घेतला, अंगठा घेतला. कुपनावर लिहिलेलं वाचून दाखवलं. दिवाळीला येतो, असं होतं. तिनं पोराला वाण्याकडे पिटाळलं, मला गुळाचा चहा दिला. मी प्यायलो."

"आणि तार?"

"खिशात होती. दुसऱ्या दिवशी दिली."

समोरच्या अंधारात कुणीतरी बादलीनं चिखल उपसत होतं. मी काय बोलावं हे मला कळेना. काकांनी धोतराचा सोगा झटकला, घसा खाकरला आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बरं, ते असू दे. एक सुचलंय. सांगत नाही तुला."

मी चपला काढल्या आणि ऐकलं.

त्यानंतर मी त्यांना दाराबद्दल विचारणं सोडलं. काकूंनी नाही सोडलं. पण त्यांची रीत वेगळी. दर सोमवारी त्या तीनशे बारा पानांवरची धूळ पुसतात, वर एक कोरा ताव ठेवतात आणि त्यावर पेन. काका तो ताव उचलतात. मधून मधून एखादी ओळ लिहितातही. गेल्या महिन्यात त्या टपालवाल्यानं एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं, असं वाक्य पडलं. सहा-सात वर्षांतली ही मोठी हालचाल. पोस्टमन पोरालाही आम्ही ती सांगितली.

हे सगळं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एका संपादकांना मी हळदीच्या बाजारावर लेख कबूल केलाय, त्याची मुदत परवा संपते आणि तो चौथ्या पानावर अडलाय. हे मी मधेच फक्त टिपून ठेवत होतो. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं जमलंय. पण माणसानं हातातलं आधी संपवावं."

तेव्हा वाचकांना एक विनंती. सांगलीत आलात तर गणपतीचं दर्शन घ्या, भडंग घ्या, आयर्विन पुलावरून नदी बघा. गावभागात खणांच्या कपाटाचं घर दिसलं तर आतही जा, काकू चहा देतील. पण तुमच्या गावात काय घडलं, भावकीत काय झालं, आजीनं मरताना काय सांगितलं, हे त्या सोप्यात बसून काढू नका. आटपाडीचा माणूस चाळीस रुपये हातात धरून दारात उभा आहे. त्याला आधी आत जाऊ द्या.